चौदाव्या कप्प्यातला कागद

मी एक जुनी पिशवी आहे, पण मला कधी कुणी बाजाराला नेलं नाही. माझ्यात कधी कांदे-बटाटे पडले नाहीत, की जोंधळा पडला नाही. माझ्यात कागद असायचे आणि त्या कागदांवर लहान मुलांची नावं असायची. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला खेड्यातल्या उपकेंद्रात लस टोचली असेल, तर तुमचंही नाव माझ्या एखाद्या बहिणीच्या पोटात महिनाभर राहून गेलं असेल. तेव्हा माझ्याकडे उगाच अनोळखी असल्यासारखं बघू नका.

माझा जन्म सांगलीतल्या विश्रामबागेचा. तिथे नाथाजी नावाच्या शिंप्याकडे जाड निळ्या कापडाचे तागे आले. अशा चाळीस पिशव्या शिवून द्यायच्या होत्या. भिंतीवर टांगायची लांबलचक पिशवी आणि तिला चौदा कप्पे. नाथाजी पहिल्या दिवशी बायकोला म्हणाला, "चौदा कशापायी गं? वर्साचं म्हैनं तर बाराच न्हवं?" त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून मीच तुम्हाला सांगते. बारा कप्पे बारा महिन्यांचे. तेरावा ज्यांच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या त्यांचा. आणि चौदावा गाव सोडून गेलेल्यांचा, किंवा जग सोडून गेलेल्यांचा. त्या कप्प्यात हात घालताना माणसं जरा गप्प होतात.

माझी नेमणूक झाली जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावी. हो, नेमणूकच म्हणायची. सरकारी पिशवी आहे मी! पावसाच्या भरवशावरची ज्वारी, मेंढरांचे कळप आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, असं ते गाव. कुणी मराठी बोलतं, कुणी कानडी, आणि सुई टोचली की सगळी पोरं एकाच भाषेत रडतात.

तिथल्या उपकेंद्रात शरयूबाई आरोग्य सेविका होत्या. मूळच्या वाईच्या. बोलणं स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, आणि स्वभाव असा की टेबलावर धूळ दिसली तर आधी धूळ पुसणार आणि मग पेशंटला बसा म्हणणार. त्यांच्या जोडीला गावची आशाताई शालूबाई. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण गावातलं कुठलं घर कुणाचं, कुणाची सून कुठली, कोण कधी मेंढरं घेऊन गेलं, हे सगळं तिला तोंडपाठ.

आमचं काम सोपं होतं. लसीच्या कार्डाचे दोन भाग असत. एक भाग आईकडे जाई, दुसरा माझ्याकडे राही. पुढची लस ज्या महिन्यात द्यायची, त्या महिन्याच्या कप्प्यात शरयूबाई तो ठेवत. मूल येऊन गेलं की कागद पुढच्या कप्प्यात जाई. महिना संपला आणि कप्प्यात कागद उरला, की शालूबाईची पायपीट ठरलेली. एकदा एका मेंढपाळाच्या मुलीचा कागद मी आठ महिने एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात वाहून नेला. दर महिन्याला शालूबाई त्याच्याकडे बघून म्हणायची, "ये बया, कवा येतीस?" शेवटी कळप परत आला त्याच दिवशी तिनं त्या मुलीला मेंढरांच्या वाड्यातून उचलून आणलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पिशवीला शोभणारा नव्हता.

माझं कौतुकही झालं. एकदा एक मोठे साहेब आले, म्हणाले, "वा! किती साधी आणि किती कामाची गोष्ट!" त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. फोटोत माझे दहाच कप्पे आले, कारण साहेब रुंद होते.

मग टॅब आला.

मित्रांनो, मी त्याच्यावर जळले नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण पहिलं वर्षभर जळण्यासारखं काही घडलंच नाही. तो कपाटात पडून होता, अंगावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता. गावात रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तीही सातव्या पायरीच्या वर. आणि टॅब वापरला काय, न वापरला काय, विचारणारं कुणी नव्हतं. मग शरयूबाई कशाला जिना चढतील?

आणि मग वरून पत्र आलं. ज्याची नोंद टॅबवर, तेवढंच काम झालं असं धरलं जाईल. एकतीस मार्चपर्यंत शंभर टक्के नोंद. एक एप्रिलपासून कागद बंद. दर सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात बैठक भरे, तिथे भिंतीवर सगळ्या उपकेंद्रांची यादी दिसे. नोंद पुरी असेल ते हिरवं, अर्धवट असेल ते पिवळं, मागे राहील ते लाल. यंत्र तेच होतं, गाव तेच होतं, रेंज तीच होती. बदललं होतं ते एक पत्र. आणि वर्षभर कपाटात झोपलेला टॅब रात्रीत सगळ्यांचा लाडका झाला.

तिथले डॉक्टर पुष्कर तरुण होते, कामाचे होते, वाईट मुळीच नव्हते. पण त्यांनाही वरून रोज विचारणा होई. ते म्हणत, "शरयूताई, तुमच्यासारख्या हुशार बाईचं गाव लाल? मला वर काय तोंड दाखवायचं?" शरयूबाईंना ते लागायचं. वाईहून इतक्या लांब येऊन पंधरा वर्षं एका कागदाला सुरकुती पडू दिली नव्हती त्यांनी, आणि आता भर बैठकीत लाल!

त्या मार्चमध्ये मी त्यांना ओळखेनाशी झाले. जेवताना टॅब, बोलताना टॅब. एकतीस तारखेच्या दुपारी एकच नोंद उरली होती. मेंढपाळ दादासोंची नवी सून भाग्यश्री, तिसरा महिना चालू. तिचं आधारकार्ड आदल्या रात्रीच पुन्हा दादासोंच्या पेटीत कुलूपबंद झालं होतं आणि किल्ली घेऊन दादासो मेंढरांमागे. म्हणून शरयूबाईंनी घरातल्यांनी सांगितलं तेच नाव आणि दादासोंचा फोन नंबर घालून नोंद सुरू केली. रक्त तपासायला ती आदल्याच दिवशी ते कार्ड घेऊन सासूबरोबर जतला जाऊन आली होती. अहवाल यायचा होता.

टॅबनं विचारलं, रक्तगट कोणता? तो रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकेना. 'माहीत नाही' असं सांगायची सोयच त्यात नव्हती. शरयूबाई टाकीच्या जिन्यावर उभ्या, डोक्यावर ऊन, टॅबची बॅटरी संपत आलेली. गावात बऱ्याच जणांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. त्यांनी तो भरला. अहवाल आला की दुरुस्त करू, असं त्या स्वतःशीच बोलल्या. मोठ्यानं बोलल्या, म्हणजे कुणीतरी ऐकलं असं त्यांना वाटावं. पान सरकलं आणि गाव हिरवं झालं.

आठ दिवसांनी जतच्या गाडीतून एक अहवाल आला. त्यावर नाव होतं पूजा ज्ञानू, पत्ता फलटण तालुक्यातला, रक्तगट बी निगेटिव्ह. शरयूबाईंनी टॅबवर शोधलं. आमच्या गावात पूजा नावाची गरोदर बाई नव्हती. शालूबाई त्या आठवड्यात प्रशिक्षणासाठी सांगलीला गेलेली. "फलटणचा कागद इकडे कसा आला? गाडीवाल्यानं घोळ घातलाय," असं म्हणत शरयूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर काही पडलेलं त्यांना चालत नसे. पंधरा वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात माझ्याकडे आला, आणि आपल्या गावचा नसलेला तो कागद त्यांनी माझ्या चौदाव्या कप्प्यात ठेवला. परत पाठवू म्हणून.

दुसऱ्याच दिवशी मला खिळ्यावरून काढलं. कागद बंद म्हणजे मीही बंद. माझी गुंडाळी झाली आणि मी कपाटाच्या तळाशी गेले. भाग्यश्रीचा अहवाल काही आला नाही, आणि लसीकरण, तापाची साथ, टँकरच्या पाण्याची तपासणी या रगाड्यात शरयूबाई तो विसरून गेल्या. त्यांना आठवण करून देणं हे माझंच काम होतं, मित्रांनो. पण गुंडाळलेल्या पिशवीचं कोण ऐकतं?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून भाग्यश्री माहेरी गेली.

दसरा जवळ आला होता. उपकेंद्रात इन्व्हर्टरची नवी बॅटरी ठेवायला जागा हवी म्हणून कपाट रिकामं करणं चाललं होतं. माझी गुंडाळी बाहेर निघाली. शालूबाईनं मला ओळखलं आणि पोटाशी धरलं. "आवं बाई, हिला टाकताय व्हय?"

"फरशी पुसायला होईल," शरयूबाई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

तेवढ्यात दादासो आले. पटका नवा, हातात जिलबीचा पुडा. "नात झाली बाई! परवा सकाळी नवाला. माय-लेक दोघी झ्याक हायती. आज घरी सोडत्यात. घ्या, तोंड ग्वाड करा."

शरयूबाईंनी जिलबी घेतली. शालूबाई मला झटकत होती, राहिलेले कागद निवडून बाजूला ठेवत होती. चौदाव्या कप्प्यातून तिनं तो अहवाल काढला आणि अक्षर लावत वाचला.

"बाई, ह्यो पूजाचा कागद हितं कशापायी पडलाय?"

"तो आपला नाही. फलटणचा आहे, चुकून आलाय."

"आपला न्हाई कसा? आवं, दादासोंची सूनच की ही! म्हायेर फलटणकडंच हाय न्हवं तिचं? काय वो दादासो?"

"व्हय की," दादासो म्हणाले. "तिकडं ती पूजा. लगीन झाल्यावर आमी तांदळात भाग्यश्री नाव ठिवलं. कार्डावर अजून जुनंच हाय."

शरयूबाईंच्या हातातली जिलबी टेबलावर पडली, आणि त्यांनी टेबल पुसलं नाही. लग्नाआधी त्यांचं स्वतःचं नाव अबोली होतं. सप्तपदीनंतर त्यांनाही असंच तांदळाच्या ताटात नवं नाव मिळालं होतं. दुसऱ्या कुणाला नाही तर त्यांना तरी हे सुचायला हवं होतं, आणि सुचलं नाही.

मित्रांनो, हे एवढं गंभीर का, ते सांगते. आईचं रक्त निगेटिव्ह असेल आणि बाळाचं पॉझिटिव्ह, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईचं शरीर ते परकं समजून त्याच्याशी लढायला शिकतं. या बाळाला सहसा त्रास होत नाही, पण पुढच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्यावर एक इंजेक्शन असतं. ते बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत द्यायचं. दोन दिवस होऊन गेले होते, आणि टॅबवर पूजाचा रक्तगट पॉझिटिव्ह होता.

शरयूबाई पळत सुटल्या. वयाची पन्नाशी आली होती, पण त्या टाकीचा जिना अशा चढल्या की शालूबाई मागेच राहिली. मी तिच्या खांद्यावर होते, म्हणून मला सगळं दिसलं. दादासोही काठी टेकत मागून आले. पहिला फोन लागला नाही. दुसरा पूजाच्या नवऱ्यानं, साईराजनं उचलला.

"बाई, आमी निघालोय. रिक्षा आलीया दारात."

"साईराज, रिक्षा थांबव. पूजाला घेऊन दवाखान्यात परत जा. आत्ताच्या आत्ता. आणि फोन तिथल्या सिस्टरकडे दे."

आत जाईपर्यंतचे पावलांचे आवाज फोनमधून येत होते. मग एका तरुण मुलीचा आवाज आला. "मी सिस्टर अंकिता बोलतेय. काय झालं?"

शरयूबाईंनी सगळं सांगितलं.

"पण मॅडम, नोंदीत बी पॉझिटिव्ह आहे. दादासोंच्या नंबरवर तुमच्याच उपकेंद्राची नोंद दिसते. भाग्यश्री हे सासरचं नाव, असं पेशंटनंच सांगितलं होतं. तपासणी झालेली आहे म्हणून आम्ही पुन्हा केली नाही."

अहवाल चुकला असेल, यंत्रानं घोळ केला असेल, असं काहीही शरयूबाई म्हणू शकल्या असत्या.

"ती नोंद मी केली आहे," त्या म्हणाल्या. "ती खोटी आहे. अहवाल यायच्या आधीच मी अंदाजानं भरली होती. खरा कागद माझ्या हातात आहे, बी निगेटिव्ह. तुम्ही आत्ता आईचं आणि बाळाचं, दोघींचं रक्त तपासा. मी इथे दुरुस्ती करते."

त्यांनी तिथेच, त्याच जिन्यावर टॅब उघडला आणि रक्तगट बदलला. पलीकडून अंकिता म्हणाली, "हो मॅडम, आला. इथे निगेटिव्ह दिसतंय आता." मला कबूल करायला हवं. आमच्या गावच्या टाकीवरून फलटणच्या टेबलावर एका दमात कागद पोचवणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

मग वाट बघणं. दादासो खालच्या पायरीवर बसले. शालूबाई मला मांडीवर घेऊन माझ्या कप्प्यांच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. सव्वादोन वाजता फोन वाजला. आई निगेटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह. इंजेक्शन शेजारच्या मोठ्या दवाखान्यातून आणायला माणूस गेला आहे. सव्वाचारला पुन्हा वाजला. अंकिता म्हणाली, "मॅडम, दिलं इंजेक्शन. वेळेत झालं. पूजा ठीक आहे, बाळ दूध पितंय."

शरयूबाई सातव्या पायरीवर मटकन बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग हसल्या. मग पुन्हा रडल्या. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"रडता कशापायी बाई?" दादासो घाबरून म्हणाले. "झालं न्हवं समदं?"

शरयूबाईंनी डोळे पुसले आणि आपण काय केलं होतं ते त्यांना सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. दादासोंनी पटका काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ ते काठीनं पायरी उकरत बसले.

"आमी मेंढराच्या अंगावर रंगाची खूण करतो," ते म्हणाले. "कवा कवा दुसऱ्याच्या मेंढरावर आपली खूण पडती. ज्येला कळतं, त्यो पुसतो. ज्येला कळूनबी पुसत न्हाई, त्यो चोर. तुमी पुसली." मग त्यांनी पुडा पुढे केला. "आता जिलबी खावा. सकाळधरनं उपाशी हायसा."

जिलबी गार आणि मऊ पडली होती. तिघांनी ती तिथेच संपवली.

त्या सोमवारच्या बैठकीत शरयूबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि जे घडलं ते जसंच्या तसं बोलल्या. मी तेव्हा उपकेंद्रात होते, पण शालूबाईनं आल्यावर मला, म्हणजे शरयूबाईंना पाणी देता देता, सगळं पुन्हा सांगितलं. मग मागच्या बाकावरची एक सेविका म्हणाली, "सर, मीही असंच भरलंय. दोघींचं." मग आणखी एक उठली. डॉक्टर पुष्कर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "चूक तुम्ही केलीत, पण घाई मी लावली. आधी अंदाजानं भरलेल्या सगळ्या नोंदी शोधू, रक्त पुन्हा तपासू. यादी लाल झाली तर होऊ दे." चार दिवसांत आमच्या भागात अशा अकरा नोंदी निघाल्या. त्यांतल्या दोन चुकीच्या होत्या. दोन्ही बायकांचे दिवस अजून भरायचे होते.

डॉक्टरांनी वर पत्र लिहिलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात ना? आम्हाला पाचच थांबावं लागलं. फेब्रुवारीत टॅबमध्ये बदल झाला. रक्तगटाच्या रकान्यात 'अहवाल बाकी' असं नवं बटण आलं, आणि नावाखाली माहेरच्या नावाला एक ओळ आली. एका पत्रानं शरयूबाईंना खोटं भरायला लावलं होतं, दुसऱ्या पत्रानं खरं सांगायची सोय केली. सरकारचं पत्र लहान असतं, पण ते कुठे कुठे जाऊन पोचतं बघा.

मलाही खिळा परत मिळाला. मुलांची यादी आता टॅबच ठेवतो, आणि चांगली ठेवतो. पूजा लेकीला घेऊन सासरी आली, तेव्हा फलटणला कुठली लस झाली, कुठली राहिली, हे त्यानं डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगितलं. माझ्याकडे आहेत ज्यांचे अहवाल बाकी आहेत ते कागद. शालूबाई रोज सकाळी ते मोजते. मी आणि टॅब एकाच भिंतीवर आहोत. बोलत नाही फारसं, पण भांडतही नाही.

परवा पुन्हा एकतीस मार्च आला. दुपारी आम्ही तिघी टाकीच्या जिन्यावर होतो, मी शालूबाईच्या खांद्यावर, तेव्हा डॉक्टर पुष्करांचा फोन आला. तो ऐकू यावा म्हणून शरयूबाईंनी स्पीकर लावला होता.

"शरयूताई, वरून दोनदा विचारणा झाली. शंभर टक्के झालं का?"

शरयूबाईंनी माझ्या कप्प्यात हात घालून कागद मोजले. "सत्त्याण्णव, सर. तिघींचे अहवाल यायचेत."

शालूबाईनं मला घट्ट धरलं. मीही श्वास धरला, पिशवीला असतो तेवढा.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "सत्त्याण्णवच कळवतो."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी नर्स व्हाल, कुणी डॉक्टर, आणि कुणी ती पत्रं लिहिणारे साहेबही व्हाल. तुमच्या हातात माझ्यापेक्षा आणि त्या टॅबपेक्षाही शहाणी यंत्रं येतील. त्यांना धूळ लागू देऊ नका. आम्हा जुन्यांना फरशी पुसायला काढण्याआधी एकदा झटकून बघा. आणि जे तुम्हाला माहीत नाही, तिथे 'माहीत नाही' असं लिहा. ते लिहायला जागा नसेल, तर ती मागून घ्या. दादासोंची नात आता रांगायला लागली आहे, आणि तिच्या पाठीवर भाऊ आला किंवा बहीण आली, तर ते बाळ सुखरूप येईल.